चार रेघांचा फरक

सर,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. तेही डबा न उघडता, कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत बसून, एका वाया गेलेल्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. कारण साधं आहे, मला भीती वाटतेय. चार वाजता मालाची गाडी सुटते आणि आत्ता पावणेतीन झालेत.

मी शेंद्र्याला दुचाकीच्या ब्रेकमधल्या पिना मोजते. बोटाच्या पेराएवढी पिन असते. तिची जाडी बघायची, वहीत लिहायची, खाली सही करायची. तुम्ही अकरावीला ज्याला स्क्रू गेज म्हणायचात त्यालाच इथं मायक्रोमीटर म्हणतात. तेच यंत्र आणि तीच मी, फक्त तेव्हा चुकलं तर मार्क जायचे. आज सकाळी मला कळलं की माझा मायक्रोमीटर रिकामा मिटवला तरी शून्यावर येत नाही, चार रेघा पुढं थांबतो. म्हणजे या आठवड्यात मी प्रत्येक पिन आहे त्यापेक्षा चार शतांश मिलिमीटर जाड वाचली. बारीक पिना पास केल्या, भोकात सैल बसतील अशा. दोन गाड्या गेल्यात, तिसरी बाहेर भरतेय. जालना रोडवरून येताना तीन-तीन जण बसलेली एखादी दुचाकी शेजारून गेली की मी तिच्या चाकाकडेच बघत राहते.

तुमच्याकडं मोजायला सुरुवात करण्याआधी यंत्र रिकामं मिटवून त्याची चूक मोठ्यानं सांगावी लागायची. कानात अजून आहे ते. एका टेबलावरून 'प्लस दोन', दुसऱ्यावरून 'मायनस एक', कोपऱ्यातून 'शून्य'. व्हरांड्यातून जाणाऱ्या कॉमर्सच्या पोरी खिदळतात, इथं भाजीचा लिलाव चाललाय का म्हणून. मी करमाडहून एसटीनं येणारी, चारचौघांत आवाज न फुटणारी. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि तुम्ही कानामागं हात धरून माझ्यापाशी उभे राहता. "जोर से बोल बेटा. चूक यंत्राची आहे, तू कायकू शरमाती?" सगळा वर्ग हसतो. मीही हसते.

पण एकदा तुम्ही खरंच रागावलात. साधी पट्टी लावून पेन्सिलची लांबी मोजायची होती. मी बारा पूर्णांक तीन सेंटिमीटर मोजली आणि पुढं ऐटीत आणखी दोन शून्यं लावली. म्हटलं, जास्त आकडे म्हणजे जास्त हुशारी. तुम्ही वही वर धरलीत. "ये पीछे के दो सिफर कहाँ से लाई? तेरे कू दिखे क्या?" मी पट्टी पुन्हा पेन्सिलीला लावून पाहिली. "नहीं दिखे ना? फिर नक्को लिख. पट्टी कू जितना मालूम, उतनाच लिखने का." मग वही बंद करून मराठीत, हळू आवाजात म्हणालात, "जे दिसलं नाही ते लिहिणं म्हणजे खोटी साक्ष." सिग्निफिकंट फिगर्सचा, म्हणजे मोजमापात किती आकडे लिहायचे याचा, अख्खा धडा तुम्ही त्या दोन शून्यांवर शिकवलात. मी तासभर तुमच्यावर चिडून होते. दोन शून्यांसाठी एवढं बोलायचं काय, असं वाटत होतं.

दुपारी मी आमच्या साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस आहे, माझ्यासारखाच. त्यांनी यंत्र दोनदा मिटवून पाहिलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, चार रेघा म्हंजे काय हो? डोक्याचा केस बी याच्यापेक्षा जाड असतो. कशाला लई ताण घेता? उद्या दुसरं यंत्र मागवू, इषय संपला."

"आणि गेलेल्या पिना, साहेब?"

"गेल्या त्या गेल्या. तुम्ही बोलला तर गाडी थांबते, वरून फोन येतो, आन् पहिलं कोण जातंय? कंत्राटावरचं माणूस. म्हंजे तुम्ही. माझं काय नाय."

त्यांचं सगळं खरं आहे. माझं कंत्राट याच महिन्यात संपतंय. घरात सध्या एकच पगार येतो, तो माझा.

तरी साहेब गेल्यावर मी दोष कळवायचा फॉर्म काढला. तो वर गेला की गाडी थांबते आणि गेलेला माल परत मागवतात. भरत भरत शेवटच्या रकान्यापर्यंत आले. दोष कधी लक्षात आला? तिथं 'आज' लिहिलं. कुणाला संशय यायचं कारण नाही. साहेबसुद्धा शपथेवर तेच सांगतील.

मग सही होईना. म्हणून फॉर्म बाजूला सारला आणि तुम्हाला लिहायला घेतलं.

सर, वर तुम्हालाही मी 'आज सकाळी कळलं' असंच लिहिलंय. मायक्रोमीटर सोमवारी माझ्याच हातातून फरशीवर पडला. उचलला, मिटवला, चार रेघा पाहिल्या. स्वच्छ पाहिल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कंत्राट आठवलं आणि मी पुढची पिन घेतली. मंगळवारी घेतली. बुधवारीही घेतली. रोज सही केली.

आता नवा कोरा फॉर्म काढलाय आणि त्या रकान्यात सोमवार लिहिलाय. तुम्ही असता तर पाठ थोपटली असती असं काही मला वाटत नाही. हा कागद फाडणार आहे, कारण तो जपून ठेवला तर तुम्हाला सगळं सांगून झालं म्हणून मी तो फॉर्म खणातच ठेवीन. मला मी ठाऊक आहे.