कंट्रोलचं तेल

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

आज लाभपाचमेच्या मुहूर्तावर रुजू झाले. दिवाळीनंतर सुरत आजच उघडली. फाटकाला तोरण, दारात रांगोळी आणि माझ्या टेबलावर पाटी: वत्सला लोमटे, तपासणी. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी पाहिली आणि हसूच आलं. परभणीच्या कॉलेजात वीस वर्षं बेडूक आणि झुरळं मोजली. आता पांढरे उंदीर.

प्रयोगशाळा पलसाण्याच्या पुढे, हायवेला लागून, कापड रंगवणाऱ्या दोन डाइंग मिलच्या मध्ये आहे. प्लास्टिक मऊ ठेवणारं एक नवं द्रव्य गाभण माद्यांना द्यायचं आणि त्यांच्यावर, पिल्लांवर काय परिणाम होतो ते पाहायचं, असं काम. पुढे हे द्रव्य पाण्याच्या नळ्यांत, रेक्झिनमध्ये, खेळण्यांत जाणार. मक्याच्या तेलात मिसळून आजपासून रोज सकाळी घशातून बारीक नळीने द्यायचं. गट चार: कमी, मध्यम, जास्त आणि कंट्रोल; प्रत्येकाचे तेलाचे डबे वेगळे. कंट्रोलला नुसतं तेल, म्हणजे बाकीच्यांची त्यांच्याशी तुलना करता येते. मी नळी घालायची नाही. इतरांच्या नोंदी खऱ्या आहेत की नाही ते पाहून पानाखाली सही करायची. हे मला जमण्यासारखं आहे.

राहायला मागच्या ओळीत एक खोली मिळाली. शेजारी उषाबाई, धरणगावची. इथलं स्वयंपाकघर तीच चालवते. मुलगा प्रवीण पलीकडच्या मिलमध्ये कामाला, सून ज्योती सात महिन्यांची गरोदर. दुपारी सगळे एकत्र जेवतात. शेवभाजीवर बोटभर तर्री होती. मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा उषाबाईने विचारलं, मॅडम, परभणीत उपास चालू होता का. सगळे हसले, मीही. ज्योतीने गुपचूप आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक गंमत झाली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर चुलीशेजारी आमच्या भांडारातला तेलाचा डबा. वर चिठ्ठी: कंट्रोल. मी विचारलं, हा इथे कसा? उषाबाई म्हणाली, कंट्रोलनं तेल शे मॅडम, आपलंच शे. मग उलगडा झाला. तिच्या गावी, आणि आमच्याकडेही, रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंपनीला रेशनचं तेल येतं असं समजून तिने दिवाळीनंतर भांडारातल्या गोपालकडे मागितलं. शिलकीतले दोन डबे पडून होते, त्याने दिले.

ललितभाई इथले प्रमुख. त्यांना सांगितलं तर तेही हसले. नुसतं मक्याचं तेल, ते म्हणाले, घरी खातो त्याहून चांगलं. मी परत जाऊन उषाबाईला सगळ्यांदेखत सांगितलं की कंट्रोलच्या तेलात काही नसतं, बिनधास्त वापरा.

आता लिहिताना टोचतंय. मी तेल तपासलं नाही, चिठ्ठी वाचली. पण चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही म्हटलं तर इथलं एकही पान सही करण्यासारखं उरणार नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

माद्या व्यायल्या. 'जास्त' गटाची पिल्लं गुबगुबीत, कातडीतून पोटातलं दूध दिसतं. ललितभाईंनी पेढे वाटले.

कंट्रोल गट मात्र विचित्र वागतो आहे. माद्या पिंजऱ्यात अंथरलेलं सगळं तूस एका कोपऱ्यात रचतात, पिल्लं त्याच्या तळाशी पुरतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. अकराव्या पिंजऱ्यात काल नऊ पिल्लं होती, आज सहा. रक्ताचा डाग नाही. मी लिहिलं: कमी तीन. काम करणारी पोरं म्हणतात, मिलच्या आवाजाने बिथरल्या. भ्यालेली मादी पिल्लं खाते हे पुस्तकातही आहे. पण आवाज तर चारही गटांना सारखाच येतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

नोंद खरी आहे का ते पाहायला चौदाव्या पिंजऱ्यासमोर तासभर उभी राहिले. मादी पिल्लाला चाटत होती. फार मायेने, डोळे अर्धे मिटून. चाटणं कुठे संपलं आणि खाणं कुठे सुरू झालं ती रेघ मला दिसली नाही. तिलाही दिसली नसावी.

कमी एक. सही केली.

६ डिसेंबर, शुक्रवार

अहवालाचा मसुदा आला. द्रव्य निर्धोक. 'जास्त' गट कंट्रोलपेक्षाही ठणठणीत. ललितभाईंना माझी सही हवी होती. मी उद्या म्हटलं आणि गोपालकडे गेले.

चिठ्ठ्या कोण लावतं? तोच. कधी लावल्या? म्हणाला, दिवाळीच्या साफसफाईत डबे बाहेर काढून धुतले, चिठ्ठ्या पाण्याने सुटल्या, वाळवून परत चिकटवल्या. कोणती कुठे हे कसं कळलं? आठवणीने, तो म्हणाला. डबे सगळे सारखे. तेल दिसायला सारखं, वासालाही.

कंट्रोल आणि जास्त यांची अदलाबदल झाली असेल तर सगळं जुळतं. एकही नोंद चुकीची राहत नाही.

मग स्वयंपाकघरातला डबा आठवला. त्यावरही त्यानेच लावलेली चिठ्ठी.

७ डिसेंबर, शनिवार

उषाबाईला तेल ओतून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, त्यात काही नसतं असं तुम्हीच सांगितलं ना, मॅडम, सगळ्यांसमोर. खरं आहे. मीच सांगितलं.

एका बाटलीत तेल घेऊन ललितभाईंकडे गेले. बाहेर तपासायला पाठवा म्हटलं. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि म्हणाले, बेन, तुमचं काम सहीचं आहे.

मी सही केली नाही. संध्याकाळपर्यंत ओळीत बातमी होती की परभणीवाली स्वयंपाकघर बंद पाडायला निघाली आहे. गोपाल आता म्हणतो, चिठ्ठ्या सुटल्याच नव्हत्या. भांडारातून ते डबे हलवले आहेत. उषाबाईचा तेवढा राहिला.

१२ डिसेंबर, गुरुवार

जेवण बंद केल्याला पाच दिवस झाले. हायवेवरून केळी आणि पाव आणते. उषाबाई अंगणातून मोठ्याने विचारते, आमच्या हातचं बाटतं का. पोरं मला पाहून दातांनी कुरतडल्याचा आवाज काढतात.

मी ज्योतीला आर्जवं केली. ती माझ्याकडे बघत भाकरीने वाटीतली तर्री पुसून खात राहिली. शेवटचा थेंबसुद्धा. मग प्रवीणला गाठलं. हिला कामरेजला माहेरी घेऊन जा, दोन महिने इथलं खाऊ देऊ नको, असं सांगितलं. तो हसला. ती काय उंदरीण आहे का, मॅडम, म्हणाला. तो स्वतः मिलच्या कँटीनला जेवतो. सुटला आहे, आणि त्याला ते माहीत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

ज्योती मिलच्या मागून चिंध्या आणते. साड्यांचे कापलेले काठ, ओंजळी भरभरून. उषाबाई म्हणते, बाळाच्या गोधडीसाठी. कुठली लेकुरवाळी होणारी बाई कापड गोळा करत नाही? मी भीतीला पुरावा समजते आहे का?

एवढंच नोंदवते: सुई-दोरा दिसला नाही. ती चिंध्या शिवत नाही. कोपऱ्यात रचते.

३० डिसेंबर, सोमवार

ललितभाईंनी खोली महिनाअखेरीला सोडायला सांगितली. मी नाही म्हटलं. बाळ झाल्याशिवाय हलणार नाही. त्यांनी वीज तोडली.

काल बॅग भरून ठेवली होती, लागलीच तर असावी म्हणून. आज ती रिकामी आहे. कपडे कोपऱ्यात आहेत. कडी आतून होती, म्हणजे मीच काढले. आठवत नाही.

मी ते तेल बत्तीस दिवस खाल्लं. माद्यांना वीस पुरले होते.

६ जानेवारी, सोमवार

ज्योतीला काल मुलगी झाली. ठणठणीत आहे म्हणतात. माझ्यासमोर कुणी काही बोललं नाही, भिंतीतून ऐकलं. मी चूक असेन. देवा, मी चूक असू दे.

१० जानेवारी, शुक्रवार

ज्योती घरी आली. खिडकीतून पाहिलं. भिंतीकडे तोंड. बाळ दिसेना. मी आत घुसले आणि चिंध्या उपसल्या. तळाशी होतं, घामाने भिजलेलं. उषाबाई ओरडली, थंडी आहे, म्हणून पांघरलं. बाळाला हात लावू नको म्हणाली.

ज्योतीने बाळ माझ्याकडून घेतलं आणि त्याचा पंजा चाटू लागली.

उषाबाईने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला बाहेर ढकलून दार लावलं.

१३ जानेवारी

काल आणि परवाचं काही आठवत नाही. का, ते—

प्रवीणला फाटकाशी पुन्हा गाठलं. या वेळी हसला नाही. झोपलेला नसावा. उत्तरायण होऊ द्या, मग नेतो म्हणाला. मी म्हटलं, आज ने. ललितभाई गॅलरीतून बघत होते. तो गेला.

१५ जानेवारी. वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस

दुपार. सगळे गच्चीवर पतंगांना. भोंगे. ज्योतीचं दार उघडं. ढीग, आणि ढिगावर वाकलेली ज्योती. बाळाच्या करंगळीवर रक्त. थोडंच. मी उचललं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

माझ्या खोलीत आणलं. कडी लावली.

दोन वाजून दहा. बाळ रडतं आहे. करंगळी धुतली, जखम वरवरची. दवाखान्याची गाडी बोलावली. रस्त्यात गर्दी, पाऊण तास म्हणाले.

दोन वीस. दाराशी उषाबाई. मन्ही नात दे म्हणते. चोरटी म्हणते. मी सांगितलं, ज्योतीजवळ देणार नाही. प्रवीण म्हणाला, तिच्याजवळ नका देऊ, मॅडम. माझ्याजवळ द्या. रडत होता.

दोन तीस. त्याचं बरोबर आहे. त्याने ते तेल खाल्लेलं नाही.
मी खाल्लं आहे.
या खोलीत बाळाजवळ मीच—
कडी काढते. बाळ त्याच्या हातात देते. आत्ता.

दोन—
भिंतीकडे तोंड करून बसले आहे. कडी तशीच. उठले होते. मग इथे कशी—

साडी फाडलेली. पट्ट्या. कोपऱ्यात रचलेल्या. नीट. माझ्याच हाताचं काम.

दारावर घाव. तोड, प्रवीण. लवकर तोड. हाक मारायची आहे. जीभ मोकळी नाही—

बाळ रडायचं थांबलं आहे. किती वाजता थांबलं ते मी नोंदवलेलं नाही. पाहते. पाहून लिहि—