खडूच्या रेघेच्या वर

अण्णा, काल पुंडलिकनगरातल्या आपल्या घरी गेले होते. समोरची भिंत आता पिवळी रंगवली आहे. तुमची खडूची रेघ तिच्याखाली कुठंतरी असेल. दर दोन-तीन महिन्यांनी दिवेलागणीला तुम्ही गाडी त्या भिंतीसमोर दहा पावलांवर उभी करायचात, चाकांतली हवा बघायचात आणि आईला मागच्या सीटवर बसवायचात. मागं वजन आलं की गाडीचं नाक वर होतं, उजेडही वर जातो, म्हणून. आई परातीत तांदूळ घेऊन निवडत बसायची. "माझं वजन कामी येतंय, तेवढं तरी बरंय," म्हणायची. मी दिव्याच्या कडेचा स्क्रू फिरवायची आणि उजेडाची वरची कड रेघेला टेकली की तुम्ही हात वर करायचात. पंधरा वर्षांची असताना एकदा मी गंमत म्हणून उजेड पार समोरच्यांच्या खिडकीत नेला. सगळ्या गल्लीदेखत तुम्ही कडाडलात, "समोरून येणाऱ्याला दिसंना झालं तर त्यो कुठं जाईल गं? खाली घे आधी!" आयुष्यात तेवढं एकदाच ओरडलात माझ्यावर. तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

मी नोकरीला लागले तोवर तुमची नजर अधू झाली होती. औरंगपुऱ्यातून नवा चष्मा आणला, तरी पिशोरच्या शेतावरून परतताना तुम्हाला रस्त्याची कड दिसत नाही, हे मी शेजारी बसून बघत होते. गाडी सोडा, असं तुम्हाला सांगायची कुणाची छाती? रेघेला उजेड लावायचं काम तोवर तुम्ही माझ्यावरच सोडलं होतं. मग एका रविवारी गाडी पुसताना मी गुपचूप स्क्रू पाव फेरा फिरवून उजेड रेघेच्या वर नेला. तुम्ही खूश. "चष्मा लई झकास निघाला बघ. पार लांबचं दिसतंय." मला मनातल्या मनात हसू यायचं. समोरून येणारे गाडीवाले दिवे मिचकावून इशारा करायचे आणि तुम्ही त्यांनाच शिव्या घालायचात.

आणि मग ती संध्याकाळ. पुलाजवळच्या वळणावर समोरून मोटारसायकल येते आहे. तिच्यावरचा माणूस एक हात डोळ्यांवर घेतो आणि सरळ पुलाखाली जातो. आपल्या गाडीला तो शिवलासुद्धा नाही. त्यानं हात वर घेतलेला मी बघितला, तुम्हाला तो दिसला नाही. तुम्हीच त्याला उचलून दवाखान्यात नेलंत. तो वाचला नाही. त्याच्या पिशवीत लेकीसाठी घेतलेल्या चपला होत्या, हे तुम्ही घरी आल्यावर आईला दोनदा सांगितलंत.

सकाळी पोलीस गाडी बघायला येणार होते. उजाडायच्या आत मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले, आईच्या जागी ज्वारीचं पोतं ठेवलं आणि उजेड रेघेला आणून टेकवला. पोलिसांना तुम्ही स्वतःच म्हणालात, "आधी दिवे बघा साहेब." त्यांनी बघितले. "दिवे बरोबर हायत, काका." तुम्ही पायरीवर बसलात. "मग कसूर माझ्या नजरेचा. मीच गाडी त्याच्या अंगावर घातली आसंल." मी तिथंच उभी होते, हाताला काळं वंगण लागलेलं. तो हात मी पाठीमागं नेला.

गाडी विकलीत. त्या माणसाच्या घरी एकटेच गेलात, मी बाहेर रिक्षात बसून राहिले. परत आल्यावर काय झालं ते सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. पुढं अकरा वर्षं संध्याकाळ झाली की चष्मा काढून फडताळात ठेवायचात. "आता काय बघायचंय?" म्हणायचात. तसेच गेलात, एक माणूस मारल्याचं ओझं घेऊन. ते माझं होतं, अण्णा.

हा कागद मी धाडणार कुठं? पण एक गोष्ट लिहून ठेवते. तुम्हाला पोलिसांपासून वाचवायला मी दिवे खाली घेतले, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. त्या पहाटे पोलीस माझ्या मनातही नव्हते. सव्वीस वर्षांची, कमावती बाई होते मी तेव्हा. तुम्ही भिंतीवरचा उजेड बघाल आणि पुन्हा तसेच ओरडाल, एवढीच मला भीती वाटली होती.