पान अठ्ठावन्न

शनिवार, ११ जानेवारी २०२५

आली! प्रेमा तिरोडकरांची नवी कादंबरी, चार वर्षांनी. आणि ध्वनिमुद्रणासाठी केंद्रातल्या शीतलने माझंच नाव घातलं. घाटकोपरच्या केंद्रात दृष्टिहीन श्रोत्यांसाठी मी दर शनिवारी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. नऊ वर्षं झाली. तिरोडकरांची आधीची अकराही माझ्याच आवाजात आहेत — पण ती सगळी कॉलेजपासून वाचलेली, पाठ झालेली. कोरं करकरीत पुस्तक हे पहिलंच.

निघण्याआधी केंद्रावरच नेहमीचं काम उरकलं. शेवटचं प्रकरण उघडून पात्रांची यादी केली. शेवटी सगळे एकत्र येतात, तेव्हा कोणाला कुठला आवाज द्यायचा ते तिथूनच ठरतं. यादी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलने. उद्या निवांत वाचायची!

रविवार, १२ जानेवारी

वाचली. एका बैठकीत. वाईट वाटतंय.

वेंगुर्ल्याला बहीण बुडून मेली म्हणून आलेली जान्हवी. तिच्यावर जीव टाकणारा होडीवाला रणजित, ज्याच्यावर गावाचा संशय. आणि घराच्या कागदपत्रांत मदत करणारा, हळू आवाजात बोलणारा वकील. खून वकिलाने केलाय हे मला पान अठ्ठावन्नवरच कळलं. पुढची दोनशे पानं नुसती वाट बघत बसले, ते जान्हवीला कधी कळतंय याची. प्रेमाचंही तेच. रणजित भिजतो, जान्हवी टॉवेल देते. तीन वेळा टॉवेल!

नितेश म्हणाला, पुस्तक नाही, बायको जुनी झाली. नवऱ्याचा विनोद. पण तसं नसेल कशावरून? विसाव्या वर्षी हाच टॉवेल मला चालला असता.

प्रत्येक पुस्तकानंतर मी तिरोडकरांना पत्र लिहिते. तीनदा उत्तरही आलंय. या वेळी काय लिहू? खोटं लिहवणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी

पहिली पाच प्रकरणं ध्वनिमुद्रित केली. केंद्राचा नियम — वाचणाऱ्याचं मत आवाजात नको. पाळला. टॉवेलसुद्धा प्रामाणिकपणे वाचला.

गुरुवार, २३ जानेवारी

केंद्रावर सहा जणांनी ती पाच प्रकरणं ऐकली. मीही ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. शीतलने विचारलं, खुनी कोण? सहाच्या सहा — वकील!

म्हणजे माझं बरोबर होतं. पुस्तकच फसलंय. जिंकल्यासारखं वाटलं. आवडत्या लेखिकेच्या पडण्यात कसला आनंद? पण झाला. लिहून ठेवते.

शुक्रवार, २४ जानेवारी

श्यामसुंदरकाकांचा फोन. कालच्या सहांतले सगळ्यात जुने श्रोते. चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, त्यामुळे कान असा की बोलणारा काय लपवतोय ते आधी कळतं. म्हणाले, "पुस्तकाचं सोड. वकील बोलायचा असला की तू आधी श्वास घेतेस. बाकी कोणासाठी नाही घेत."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"अगं, अकराही पुस्तकांत घेतलायस. खुनी आला की श्वास."

हसत होते. बाकीच्या पाच जणांनाही ही खूण त्यांनीच सांगितलेली, कितीतरी वर्षांपूर्वी! मग ऐकता कशाला, मी विचारलं. तर खून कोणी केला ते तू सांगतेस, का केला ते ऐकायला बसतो, म्हणाले. फोन ठेवताना मात्र आवाज जरा उतरला. "एकदा तरी फसायला आवडलं असतं गं."

नऊ वर्षं मी या माणसाची गंमत घालवत आले आणि दर वेळी वाटलं, काय छान वाचलं!

शनिवार, २५ जानेवारी

शीतलला सांगितलं, पाचही प्रकरणं पुसून टाक, पुन्हा वाचते. ती म्हणाली, एवढं कोण बघतं, सपना?

काका बघतात.

बुधवार, २९ जानेवारी

रोज स्वयंपाकघरात वकील वाचतेय. नितेशला पाठमोरा बसवते. श्वास ऐकू आला की त्याने ताटावर चमचा वाजवायचा. सोमवारी एकोणीस वेळा वाजवला. आज चार. युक्ती सापडली — जान्हवीचं लग्न या वकिलाशीच व्हावं असं मनापासून धरून चालायचं. नितेश म्हणतो, आता त्याला एकदा जेवायलाच बोलाव.

शनिवार, १ फेब्रुवारी

पुन्हा ध्वनिमुद्रण. एकही श्वास नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

फसले! सगळे फसले!

वाकोल्याच्या गटाने आधीचं ध्वनिमुद्रण ऐकलेलं नाही, म्हणून नवं तिथे लावलं. नऊ जण. आठांनी रणजितचं नाव घेतलं, एकाने जान्हवीच्या मावशीचं. द्रौपदीबाई तर काकुळतीला आल्या. "त्या बिचाऱ्या वकिलाला कोणीतरी सांगा, पळ म्हणावं इथून." मी भिंतीकडे तोंड करून हसले.

परत येताना काकांकडे गेले, गोवंडीला. दोन प्रकरणं ऐकवली. त्यांनी दुसरं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "मला उत्तर माहितीय. तरी आता शंका यायला लागलीय, सपना."

चव्वेचाळीस वर्षांत असं जिंकल्याचं आठवत नाही!

शनिवार, १५ फेब्रुवारी

तिरोडकरांना पत्र लिहिलं. खरं तेच — पुस्तकाने निराशा केली, पान अठ्ठावन्नवर खुनी उघडा पडतो, श्रोते फसले ते माझ्या वाचनामुळे. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. गर्व होतोय का? पण नऊ माणसं साक्षीला आहेत. ठेवलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपालाच्या लाल पेटीत टाकलं. हलकं वाटलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

द्रौपदीबाईंचा फोन. खुनी कोण ते सांगू नका, पण तुम्हाला कितव्या पानावर कळलं तेवढं सांगा, ताई. अठ्ठावन्न, म्हटलं, चौथ्या प्रकरणात. "म्हणजे आम्ही ऐकलंय की ते! वाचा परत."

पान उघडलं. वकील जान्हवीला पाण्याचा तांब्या देतो. ऊन फार आहे, चपला घालून जा, म्हणतो. एवढंच. आठवडाभर मी हे घोकलं आणि काय लिहिलंय ते पाहिलंच नाही.

मग पहिलं कोरं पान काढलं. माझी यादी, माझी पेन्सिल, पुस्तक वाचायच्या आदल्या दिवशीची — वकील (खुनी), आवाज मऊ.

पेटी उद्या सकाळी दहाला उघडतात. मी साडेनऊलाच जाऊन उभी राहणार.