आईचं नक्षत्रयान

राजापेठ, अमरावती
१९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही दोघी मजेत आहोत, तिकडे तू, वहिनी आणि पोरंही असाल. थंडीमुळे आईचा गुडघा कुरकुरतो, पण तेल चोळून ती सकाळी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारतेच. माझ्या बारावीच्या मुलांची प्रॅक्टिकल जवळ आलीत, त्यामुळे कॉलेजात धावपळ आहे. गल्लीत आणखी दोन ट्यूशन क्लास निघाले. संध्याकाळी आपल्या फाटकासमोर इतक्या गाड्या लागतात की आई काठी घेऊन बाहेर उभी राहते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू दोनच गोष्टी विचारतोस. आईला हैदराबादला कधी आणतेस, आणि रविवारी तुम्ही फोन का उचलत नाही. दोन्ही वेळा मी फोन आईच्या हातात देते. आज नीट सांगायचं ठरवलंय.

रविवारचं आधी सांगते, ते सोपं आहे. सोबतच्या पार्सलमध्ये 'नक्षत्रयान'च्या ब्लू-रे डिस्कचा नवा संच आहे. तुला आठवतंच असेल. परदेशी मालिका, पण आपल्यासाठी ती हिंदीच होती. चाळीस वर्षं झाली, कप्तान बदलतात, यान बदलतं, मालिका काही संपत नाही. आपण लहान असताना ती रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची. बाबा तिच्यासाठी वेडे होते आणि नेमकी रविवारी त्यांची अकोटच्या गाडीवर ड्युटी असायची. कंडक्टरला सुट्टी कोण देणार? व्हीसीआर आपल्याकडे नव्हता. मग आई टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवायची आणि बाबा रात्री जेवताना तो भाग ऐकायचे.

गेल्या वर्षी कंपनीने जुने हिंदी भाग ब्लू-रेवर आणायचं ठरवलं. तेव्हा दोन भागांचा हिंदी आवाज त्यांच्याकडे उरलेलाच नाही असं निघालं. कुणाकडे जुनं रेकॉर्डिंग असेल तर द्या, असं त्यांनी आम्हा चाहत्यांच्या ग्रुपवर कळवलं. मी बाबांची पेटी उघडली. कॅसेट होत्या, पण टेपवर पांढरी बुरशी चढलेली. ग्रुपवर विचारलं तर अकोल्याचे एक सर म्हणाले, घाईने वाजवू नका, मी येतो.

ते उजैर सर. अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. जुनी यंत्रं जमवायचा त्यांना नाद आहे. एका रविवारी ते स्वतःचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून एसटीने आले. दिवसभर बसून त्यांनी एक कॅसेट साफ केली आणि लावली. आधी खरखर, मग ते शीर्षकसंगीत, आणि त्याच्यावर चढलेला आईचा आवाज.

दादा, आई नुसतं रेकॉर्डिंग करत नव्हती. ती बाबांना चित्र सांगत होती. "आता थो दाढीवाला दार उघडून राहिला. आत अंधार हाय. त्याच्या हातात बत्ती हाय, निळी. मांगून कोणीतरी येऊन राहिलं, त्याले काई मालूम नाई. तुमी जेवा आरामानं, मरत नाई थो." मधेच तुझा आवाज येतो, "आई, मले दिसत नाई, सरक." आणि आई तुला गप्प करते, "चूप बस, तुह्या बाबाले आयकू येनार नाई."

मी तेव्हा इतकी लहान होते की मला यातलं काहीच आठवत नव्हतं. रात्री बाबा ऐकायचे तेव्हा आपण झोपलेले असायचो.

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "किती बडबड करून राहिली होती मी," म्हणाली. एका जागी टेप खराब होती, आवाज बुडाला. सरांनी तिला विचारलं, "आई, इथं पुढं काय झालं होतं?" तिने सगळं सांगितलं. यान कसं वळलं, कप्तानाची बहीण कशी सापडली. नंतर मूळ भाग पाहिला तर त्यात कुणाची बहीणच नव्हती. ती आईने बाबांसाठी घातली होती.

त्यानंतर प्रत्येक रविवार त्यातच गेला. कधी उजैर सर इथे यायचे, कधी आम्ही दोघी अकोल्याला जायचो. आई बसमध्ये खिडकीशी बसते आणि मूर्तिजापूर आलं की उतरून चहा पिऊ म्हणते. फोन पर्समध्येच राहायचा.

कंपनीला आपल्या कॅसेटची गरज पडली नाही. भोपाळच्या एका माणसाकडे स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं. मला वाईट वाटलं, पण उजैर म्हणाले, पाठवून तर बघू. तिथल्या एका मुलीने ते ऐकलं, ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं, आणि मग त्यांनी आईच्या सहीची परवानगी मागवली. आता त्या दोन भागांना तीन आवाज आहेत. इंग्रजी, हिंदी आणि वऱ्हाडी. वऱ्हाडी निवडलं की आई बोलते. त्यांनी तुझा आवाज पण ठेवलाय. पोरांना ऐकव, त्यांचा बाप आठ वर्षांचा असताना कसा किरकिरा होता ते.

नोव्हेंबरात अकोल्याला उजैरच्या शाळेच्या हॉलमध्ये चाहत्यांना तो भाग दाखवला. नागपूर, खामगाव, चांदूर बाजारहून लोक आले होते. आईच्या आवाजाचा तुकडा ग्रुपवर आधीच फिरला होता. काही पोरं कप्तानाचे कपडे शिवून आली होती. आईला पुढच्या खुर्चीत बसवलं. शेजारी उजैरची अम्मी, खुर्शीदबी. पडद्यावर दाढीवाल्याने दार उघडलं आणि सगळा हॉल आईच्या आधी ओरडला, "मरत नाई थो!" आई घाबरून खुर्शीदबींचा हात धरून बसली. भाग संपला तरी तो हात तसाच होता.

तुझ्या लक्षात आलं असेल. आईच्याही आलं होतं. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "आधी तू सर म्हनत होती, आता नुसता उजैर." मी भाजीची जुडी पुढे ओढली. तुझे प्रश्नही चार महिने असेच टाळले.

तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. त्याची बायको लग्नानंतर दोन वर्षांत आजाराने गेली, मूलबाळ नाही. माझं तुला माहीतच आहे. माझ्यासाठी तू किती ठिकाणी शब्द टाकलास आणि मी प्रत्येक वेळी तुला कसं परत पाठवलं, ते मी विसरलेली नाही. मला खरंच तेव्हा कुणी नको होतं. एकटी राहते म्हणून मी कधी दुःखी नव्हते, आणि आताही एकटेपणाला घाबरून काही करत नाहीये. हा माणूस घरात असला की मला बरं वाटतं. तो निघून गेला तरी स्वयंपाकघरातून त्याला काहीतरी सांगायला मी बाहेर येते. इतकंच आहे, पण ते खरं आहे.

आम्ही दोघं नुसतेच घुटमळत होतो. शेवटी डिसेंबरात आईनेच विषय काढला. आपल्या पुढच्या खोलीत, चहाच्या वेळी.

"उजैर, तुले माही पोरगी पसंद हाय काय? असंल तं सांग. नसंल तं च्या पे आन जाय."

त्याने कप खाली ठेवला. "पसंद आहे, आई. पण माझं नाव उजैर आहे."

"नाव मले मालूम हाय. पोरगी पसंद हाय काय, थे मी इचारलं."

"आहे."

मग आई माझ्याकडे वळली. "आन तुले?" मी हो म्हटलं. दादा, बेचाळीस वर्षांची मी, पण आवाज दहावीतल्या मुलीसारखा निघाला.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. खुर्शीदबी दोन आठवडे उजैरशी नीट बोलल्या नाहीत. त्याचे मोठे भाऊ उसामा अजूनही बोलत नाहीत आणि बहुतेक येणार नाहीत. आपल्या गल्लीतही कुजबुज आहे. पण गेल्या रविवारी खुर्शीदबी स्वतः एसटीने इथे आल्या. आईला म्हणाल्या, "आपा, मैं डर गई थी. लोगों का मुँह बहुत बड़ा है." आई म्हणाली, "आपलं बी काई लहान नाई." दोघी हसल्या. खुर्शीदबी जेवून गेल्या. जाताना मला जवळ घेतलं आणि विचारलं, लग्नानंतर तुझं नाव दीक्षाच राहणार ना? मी म्हटलं, दीक्षाच. म्हणाल्या, ठीक है, मुझे भी आदत डालनी है.

नाव बदलायचं नाही, धर्म बदलायचा नाही. ना त्याने, ना मी. नोंदणी विवाह करतोय. नोटीस दिली आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, इथेच, अमरावतीला. उजैरने बदलीसाठी अर्ज केलाय. तोवर तो शनिवारी येईल, सोमवारी जाईल.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आईसाठी तू खोली तयार करून ठेवलीस, वहिनीने पडदे शिवले. ते सगळं आईला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. पण ती येत नाही. तुझ्यावर रुसून नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "पाहुनी म्हनून जाईन, महिनाभर राहीन. राहाचं घर माह्यं हेच." तिला इथे माणसं आहेत. आता तर अकोल्याहूनही फोन येतात. आई कशात तरी इतकी रमलेली मी बाबांनंतर प्रथमच पाहतेय. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. पण आईचं सांगितलं की उजैरचं सांगावं लागलं असतं, आणि तुझ्या घरी, वहिनीच्या माहेरी याचं काय होईल, या काळजीने मी गप्प राहिले.

तुला राग येईल कदाचित. येऊ दे. पण आधी आईशी बोल. मी फोन तिच्या हातात देऊन बाजूला होणार नाही, तिथेच बसेन.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक आई, एक खुर्शीदबी. तिसऱ्या माणसाचं नाव नोंदणी ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, तेव्हा उजैर माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, माझा मोठा भाऊ येतोय.

ते तुला न विचारता बोलले. येशील ना?

तुझीच, जिला तू सायकल शिकवताना कधी सोडलं नाहीस, ती
दीक्षा