थोरलीच्या पोटावरची रिकामी जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणतीस, अविवाहित, अवकाशयानांच्या कार्यशाळेत टाइल-तपासनीस, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. धाकटी पहिल्यांदाच माणसे घेऊन वर जाणार आहे. वैमानिकाशेजारी मी बसणार आहे, आणि जाणाऱ्याने मृत्युपत्र जमा करावे असा नियम आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. दाखला देताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "झोप लागते का?" मी म्हटले, "दार लावलंय का ते तीनदा बघितलं की लागते." त्यांनी लिहिले : मनःस्थिती उत्तम.

थोरली आणि धाकटी ही यानांची आमच्यातली नावे. कागदोपत्री त्यांना नुसते आकडे आहेत. थोरली बावीस वेळा वर जाऊन आली आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिचे दोन पंप आणि दाराची कडी धाकटीला बसवली आहे, जसे थोरलीचे कपडे धाकटीला येतात तसे. उरलेली थोरली पुढच्या महिन्यात संग्रहालयात जाईल.

कलम १. माझी बँकेतली शिल्लक आणि राहत्या घरातला माझा वाटा वडिलांना मिळावा. "मला काय करायचंय," असे ते म्हणतील. त्यांचे ऐकू नये. त्यातून त्यांनी आधी दात करून घ्यावेत. "बघू पुढच्या महिन्यात" असे तीन वर्षे चालले आहे.

कलम २. माझी पुस्तके, शिलाई मशीन आणि जोडलेला निळा कप आत्याला. शाळेत जाण्याआधीपासून माझी शाळा आमच्या स्वयंपाकघरात भरे. कप फुटला की वडील तो जोडत आणि आत्या कान धरून ओढून बघे. उतरताना यान जळू नये म्हणून थोरलीच्या पोटावर लावलेल्या टाइल्सनाही हाच नियम होता : एकाने चिकटवायची, दुसऱ्याने रबरी वाटी लावून ओढायची. सात वर्षांची असताना हा निळा कप मीच जोडला, मीच ओढला आणि म्हटले, "घट्ट आहे." आत्या म्हणाली, "आपल्या लेकराला कोण वाईट म्हणतं? आण इकडे." कान तिच्या हातात आला. पुन्हा जोडला तो तिने ओढला. अजून टिकून आहे.

कलम ३. माझी रबरी वाटी विभागातच राहावी. धाकटीच्या टाइल्स यंत्र ओढते आणि चांगली ओढते. महिनाभर मी त्याच्यामागे हाताने ओढत फिरले, लोक मला 'पुन्हाबघ' म्हणू लागले. चार हजार टाइल्समध्ये एकही सुटी निघाली नाही. तरीही वाटी टाकून देऊ नये.

कलम ४. माझी काळी छत्री मुकादमांकडे आहे, ती त्यांनीच ठेवावी. मात्र कँटीनमध्ये सगळ्यांदेखत ते माझ्या वडिलांबद्दल म्हणाले होते, "म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, म्हणून टाइल गेली." ते वाक्य त्यांनी तिथेच, सगळ्यांदेखत, परत घ्यावे. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. थोरलीच्या शेवटच्या फेरीत पोटावरची तीनशे अठरावी टाइल गळून पडली. यान कसेबसे उतरले. आतला पत्रा जळून भोक पडले होते, म्हणून ती पुन्हा उडाली नाही. ती टाइल मी चिकटवली होती. वडील तेव्हा याच विभागात तपासनीस होते, त्यांनी ती ओढायची होती. त्या दिवशी त्यांना ताप होता. मी म्हटले, "बाबा, मी ओढलीय, घट्ट आहे. तुम्ही सही करून घरी जा." मी ओढली होती, हे खरे. पण हलक्या हाताने ओढली, कारण ती माझी होती. चौकशीत वडिलांनी सांगितले, "मी ओढली, घाईत ओढली." निवृत्तीला दोन वर्षे असताना त्यांना घरी बसवले. मी गप्प राहिले, आणि वर चढत चढत धाकटीतल्या जागेपर्यंत पोचले.

कलम ६. त्या जागी प्लास्टरची टाइल बसवून रंग द्यावा, असे संग्रहालयवाल्यांचे म्हणणे आहे. लोकांना पोट अखंड दिसावे म्हणून. तसे करू नये. जागा रिकामी ठेवावी आणि खाली फलक लावावा : "इथली टाइल जिने चिकटवली, तिनेच ओढली."

कलम ७. या सगळ्याची अंमलबजावणी आत्याने करावी. ती कोणाला भीत नाही.

इथपर्यंत लिहून रविवारी मी कागद वडिलांना वाचायला दिला. त्यांनी सावकाश वाचला, चष्मा काढला.

"हे तू मेल्यावर उघडणार?"

"हो."

"आणि परत आलीस तर?"

"तर बंदच राहील."

"मग पाचवं काढून टाक," ते म्हणाले. "मी सहा वर्षं सांभाळलंय. आता कशाला उकरतेस?"

"नाही काढणार."

"जागा जाईल तुझी."

"जाऊ दे."

"आत्यावर गेलीयस," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

म्हणून आज सकाळी कलम पाच आणि सहाची नक्कल मी कार्यशाळेच्या साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली. म्हणाले, "उड्डाणाचं आठवड्यात कळवतो. फलकाचं आत्ताच सांगतो, लागेल." तेव्हा मी वर गेले किंवा न गेले, परतले किंवा न परतले, तरी ही दोन कलमे आजपासून लागू आहेत. बाकीची माझ्यामागे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. सर्व पाने मी तीनदा तपासली आहेत.

ठिकाण : वडिलांच्या घरातले स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक : अकरा मार्च, मंगळवार

लिहून ठेवणार : (सही) टाइल-तपासनीस

आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) कार्यशाळेचे कोठीवाले
२. (सही) डॉक्टरीणबाई

वडिलांना यातून वाटा मिळतो, म्हणून ते साक्षीदार नाहीत. खालची ओळ त्यांनी न विचारता लिहिली आहे. ती खोडू नये.

मी ओढून पाहिलं. या वेळी खरंच ओढलं. घट्ट आहे.
(सही) बाबा