पैलवान तलावात

४ मार्च
अण्णांना आज हॉस्पिटलात दाखल केलं. परवा गुडघ्याचं ऑपरेशन. निघताना मला, सुनेला, काय सांगितलं, तर "पैलवानाकडे बघ, आणि झाकणावरची इस्त्री विसरू नकोस." नातीचा विषय नाही, घराचा नाही — मासा!

पैलवान म्हणजे सासऱ्यांची परदेशी मरळ. आणला तेव्हा बोटाएवढा होता, अंगावर लाल पट्टे. दुकानदार म्हणाला होता, फार वाढत नाही. आता माझ्या हाताएवढा लांब आणि मांडीएवढा जाड. बाहेरच्या खोलीत पाच फुटी टाकी आणि झाकणावर वजनाला जुनी लोखंडी इस्त्री, कारण तो उड्या मारतो. सासूबाई गेल्या आणि टाइपरायटर दुरुस्तीचं दुकानही बंद झालं, तेव्हापासून अण्णा बोलतात ते त्याच्याशीच.

मला त्याची भीती वाटते. इथे लिहायला काय जातंय. कुणाला सांगितलेलं नाही.

६ मार्च
ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न — त्याने खाल्लं का?

९ मार्च
लांब चिमट्याने कोंबडीचे तुकडे देते. तो आधी हलतच नाही. नुसता बघतो. मग पाणी फुटतं, चिमट्याला हिसका बसतो आणि तुकडा गायब. वर श्वास घ्यायला येतो तेव्हा गुळुक असा आवाज होतो, म्हाताऱ्या माणसाने आवंढा गिळावा तसा. स्वयंपाकघरात ऐकू येतो.

माझी लेक चिमणी काचेला नाक लावून बसते. दहा वर्षांची घोडी झाली तरी ऐकत नाही. आज ओरडले तिला, उगाच.

१२ मार्च
लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी टाकीतलं पाणी बदललं आणि इस्त्री ठेवायची राहिली. राहिलीच! दुपारी प्रयोगशाळेतल्या कामावरून घरी आले तर झाकण जमिनीवर, टाकी रिकामी. फरशीवर ओला पट्टा — टाकीपासून चिमणीच्या खोलीपर्यंत. ती शाळेत होती, एवढंच नशीब.

पलंगाखाली होता. किती वेळ तसा होता कोण जाणे. अंगाला धूळ, केस, चिमणीचा एक मोजा चिकटलेला. मला वाटलं मेला. वाकले, तर त्याने तोंड उघडलं आणि हवा घेतली. सावकाश. पलंगाखालून माझ्याकडे बघत.

चादर भिजवून त्याच्यावर टाकली आणि मिठी मारून उचलला. सगळा एकच स्नायू! दारात एकदा निसटला आणि माझ्या पायावर आपटला. ओरडायचंही सुचलं नाही. टाकीत टाकल्यावर इस्त्री ठेवली, वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले, आणि चिमणी यायच्या आत फरशी पुसून काढली.

नवरा बोटीवर नोकरीला असतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, मासाच आहे गं, वाघ नाही. त्याला काय जातंय म्हणायला.

१३ मार्च
सोडला.

चिमणीला शेजाऱ्यांकडे ठेवलं. कपड्यांचा टब, ओली चादर, गाडीची डिकी. संध्याकाळी पाच वाजता गावच्या तलावाची मागची बाजू, जिथे लव्हाळी आहे. कुणी नव्हतं. टब कलंडला तसा तो क्षणभर काठालाच राहिला, मग शेपटीचा एक फटका — आणि काहीच नाही. पाणी सपाट.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१४ मार्च
अण्णांना सांगितलं, पैलवान गेला. "तडफडला का?" नाही, मी म्हणाले. "कुठे पुरलास?" मागच्या कुंपणापाशी, मी म्हणाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे माहीत नव्हतं.

२२ मार्च
अण्णा घरी आले. वॉकर घेऊन कुंपणापर्यंत गेले आणि बराच वेळ उभे होते. मी खिडकीतून बघत होते.

८ एप्रिल
मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तलावाचं पाणी रोज माझ्या हाताखालून जातं. आमच्या दारावर मोठं पोस्टर आहे — पाळलेले मासे, कासवं तलावात सोडू नका. अकरा वर्षं त्याच्या खालून जातेय. त्या दिवशी ते आठवलं नव्हतं असं लिहिणार होते. आठवलं होतं.

आज पाण्याचे नमुने घेऊन तलावाचा रखवालदार आला. सहज सांगत होता, यंदा बदकांची पिल्लं टिकतच नाहीयेत. नऊ होती, दोन राहिली. पाण्यावर असतात आणि एकदम खाली जातात. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, कासव असेल. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिले. दोन उलट्या चिकटवल्या.

१९ एप्रिल
वाचून काढलं सगळं. वाचायला नको होतं. इथल्या पाण्यात त्याला खाणारं कोणी नाही. तो मात्र सगळं खातो. तलावातले ते चंदेरी बारीक मासे, बेडूक, पिल्लं. पाण्यातली हवा संपली तरी वर येऊन श्वास घेतो. औषधाने सहजी मरत नाही — आणि औषध टाकणार तरी कसं, अख्खं गाव ते पाणी पितं.

एकच आहे, एकच आहे, असं दिवसभर मनात घोकत होते.

२ मे
तलावावर पोहण्याचा वर्ग सुरू झाला. चिमणीचं नाव घातलेलं होतं. तिचा कान दुखतो असं मी सरांना कळवलं. चिमणी म्हणाली, माझा कान कुठे दुखतोय? रडली. बोलत नाही माझ्याशी.

५ मे
माझी पोरगी मी घरी ठेवली. बाकीच्यांच्या जातातच आहेत. रोज नऊ वाजता खिडकीखालून टॉवेल गुंडाळून हसत जातात. मी पडदा ओढते.

११ मे
चिमणीच्या मैत्रिणीला चावला. ती चष्मेवाली, सावकाश बोलते ती. पोटरीला चौदा टाके. सरांनी ओढून बाहेर काढली. तिची आई हॉस्पिटलात मला सांगत होती, म्हणाली, "कान दुखला म्हणून तुझी वाचली गं." माझा हात धरून म्हणाली. मी तो सोडवूनही घेतला नाही.

घरी आले आणि अण्णांसमोर बसले. सगळं सांगितलं. पलंग, चादर, टब, लव्हाळी.

मला वाटलं शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"मेला म्हणालीस तेव्हा वाईट वाटलं," ते म्हणाले, "पण आतून सुटलोही. माझ्यामागे ह्याचं कोण करणार, हीच काळजी होती. तू घाबरतेस हे मला दिसत होतं, पोरी. मी ते कळू दिलं नाही."

मग वॉकर पुढे ओढला. "चल. तुझ्या मॅडमकडे जाऊ. मी येतो."

१२ मे
मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कधी, कुठे, किती मोठा एवढंच विचारलं. चौकशी होईल. नोकरी राहील का माहीत नाही. चष्मेवालीच्या आईलाही मीच सांगितलं. तिने दार लावून घेतलं. बरोबरच आहे.

तरी इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा छातीवरचं ओझं थोडं हललं. एक मासा आहे. कुठे सोडला ते माहीत आहे. मत्स्य खात्याची माणसं परवा जाळी टाकणार.

१४ मे
अण्णांना ओळख पटवायला नेलं. काठावर खुर्ची दिली. जाळी ओढली. पैलवानासारखेच, हाताएवढे पाच निघाले.

अण्णांनी पाचही नीट पाहिले, एकेक उलटवून. मग हळूच म्हणाले, "यात आपला नाही."