अंगठीखालची ओल

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी ठणठणीत आहे. बाबांचे गुडघे काय म्हणतात?

मी निघताना तू माझ्या बोटात घातलेली अंगठी काढून ठेवली आहे. हरवलेली नाही, बॅगेत कापसात आहे.

आमच्या वॉर्डात एकापाठोपाठ तिघांच्या टाक्यांमध्ये पू झाला. मी सगळ्यांसमोर सफाईवाल्या मावशींच्या बादलीकडे बोट दाखवलं, आणि त्यांना दोन दिवस घरी बसवलं गेलं. मग प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी कोणाला कधी पू झाला, त्याआधी ड्रेसिंग कोणी केलं, याची यादी केली. तिन्ही वेळा मीच होते. सगळ्यांच्या हातांचे नमुने नेले, तर मावशींचे हात स्वच्छ निघाले. जखमांमधला जंतू माझ्या अंगठीखाली सापडला. तिथे ओल राहते, साबण पोचत नाही, म्हणून तो सुखाने नांदत होता. मला त्याचा त्रास नाही, जखमेत शिरला की मात्र तो घात करतो. आणि तू मला हात धुतल्याशिवाय ताटाजवळ फिरकू द्यायची नाहीस.

तिघं आता बरे आहेत, पण एका आजोबांना पुन्हा टाके घालावे लागले.

अंगठी बोटात रुतली होती, निघेना. कामावर परतलेल्या मावशींनीच साबणाचा फेस करून ती हळूहळू फिरवत काढली, धुतली, पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "आईची दिसते, सिस्टर. जपून ठेवा."

मी त्यांची माफी अजून मागितलेली नाही. तोवर हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझी,
थोरली